निळ्या खुर्चीतील मुलगी आणि वात्सल्याचा जाच

मेरी कसॅट ह्या अमेरिकन चित्रकर्तीचे नाव निघाले की पाठोपाठ 'आई आणि मूल' हे शब्द येतात. पाठ्यपुस्तके, दिनदर्शिका, शुभेच्छापत्रे ह्या सर्वांनी मिळून हे समीकरण इतके पक्के करून टाकले आहे की तिच्या चित्रासमोर उभे राहण्याआधीच आपण हळवे होऊन बसतो. ह्या हळवेपणाला आमचा विरोध आहे. त्यावर उतारा म्हणून हल्ली जे वाचन पुढे केले जाते, म्हणजे कसॅट स्त्रियांच्या मताधिकाराची पुरस्कर्ती होती तेव्हा तिच्या चित्राचित्रांतून चळवळीच्या खुणा हुडकत बसायचे, त्यालाही आमचा तितकाच विरोध आहे. ही दोन वाचने वरकरणी परस्परविरोधी दिसतात. प्रत्यक्षात चित्रातल्या मुलाकडे पाहायचे दोघांनीही टाळलेले असते.

म्हणून आपण एका मुलीकडेच पाहू. 'निळ्या खुर्चीतील लहान मुलगी' हे १८७८ सालचे तैलचित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. सुमारे ९० सेंटिमीटर उंच आणि १३० सेंटिमीटर रुंद अशा ह्या कॅनव्हासवर निळ्या, फुलाफुलांच्या कापडाने मढवलेल्या खुर्च्यांची दाटी आहे. त्या दिवाणखान्यात नीट मांडलेल्या नाहीत, जणू कोणी ढकलून दिल्या असाव्यात. डावीकडच्या खुर्चीत एक छोटे कुत्रे पेंगते आहे. उजवीकडच्या खुर्चीत ती मुलगी. पांढरा झगा, कमरेला चौकटीच्या कापडाचा रुंद पट्टा, एक हात डोक्यामागे टाकलेला, पाय फाकलेले, झगा वर सरकलेला, नजर खाली आणि बाजूला कुठेतरी. ती हसत नाही, रुसलेलीही नाही, कंटाळली आहे. कोणीतरी तिला नटवून इथे आणून बसवले असावे आणि थोड्याच वेळात नटण्याची जबाबदारी तिने झटकून टाकली असावी.

'पाय जवळ घेऊन बस', 'मुलीच्या जातीने असे बसू नये' ही वाक्ये ज्यांच्या कानांवरून गेलेली नाहीत असे मराठी घर विरळाच. ह्या चित्रासमोर ती वाक्ये आपोआप ओठांवर येतात. आमच्या मते चित्राची पहिली कामगिरी हीच आहे. ते आपल्याला शिस्त लावणाऱ्या वडीलधाऱ्याच्या जागी आणून उभे करते, आणि त्या जागी उभे राहून आपण काय बोलू पाहतो ते आपल्यालाच ऐकवते.

आता वात्सल्याचा मुद्दा. साहित्याच्या विद्यार्थ्यांना रसव्यवस्था ठाऊक आहे. भरताच्या यादीत वात्सल्य नाही. पुढे विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त वत्सल रसाला जागा दिली. त्या व्यवस्थेत मूल हे आलंबन आणि मायबाप हे आश्रय. भाव उत्पन्न होतो तो आश्रयाच्या ठायी, मुलाच्या ठायी नव्हे. म्हणजे वात्सल्याच्या चित्रात मूल हे नेहमीच दुसऱ्याच्या भावनेचे निमित्त असते. कसॅटने ह्या चित्रातून आश्रयच काढून घेतला आहे. आई नाही, दाई नाही, खुर्चीच्या पाठीवर टेकलेला हातसुद्धा नाही. खोली मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवरून रंगवली आहे, हे ग्रिसेल्डा पोलॉक ह्यांनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे. त्यामुळे खुर्च्या अवाढव्य वाटतात, जमीन वर चढत जाते आणि खिडक्या वरच्या कडेला अर्ध्यामुर्ध्या कापल्या जातात. वाकून मुलाकडे पाहणारी मोठ्यांची नजर इथे रद्द झाली आहे. उरते ती एका लहान माणसाची दुपार.

हे चित्र कुठल्या वर्षी आणि कुठल्या शहरात नाकारले गेले, तेही पाहण्यासारखे आहे. १८७८ साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याच्या अमेरिकन विभागाकडे कसॅटने हे चित्र पाठवले आणि ते परत आले. पंचवीस वर्षांनंतर, १९०३ साली, चित्रविक्रेता आंब्रुआझ व्होलार ह्याला लिहिलेल्या पत्रातही तिचा संताप ओसरलेला दिसत नाही. परीक्षक तीन आणि त्यांतला एक औषधविक्रेता, हे ती आवर्जून नोंदवते. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने त्याच शहरात स्त्रियांच्या हक्कांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मारिया देरेझ्म आणि लेओं रिशेर हे तिचे संयोजक. शिक्षण, अर्थकारण, नीती, कायदा ह्या सर्वांची चर्चा तिथे झाली. मताधिकाराचा विषय मात्र बुद्ध्याच वगळण्यात आला. यूबेर्तिन ओक्लेर हिला त्या विषयावरचे आपले भाषण तिथे करता आले नाही, म्हणून तिने ते पुस्तिकेच्या रूपाने छापले. त्याच वर्षाच्या जानेवारीत तिकडे अमेरिकन सेनेटमध्ये आरॉन सार्जंट ह्यांनी स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती मांडली होती. ती अमलात यायला १९२० साल उजाडले. ह्या घटनांमध्ये कार्यकारणाची साखळी जोडण्याचा आमचा मानस नाही. तथापि, मुलीने कसे बसावे आणि बाईने काय मागावे ह्या दोन्ही बाबतींत त्या काळच्या सभ्य समाजाची सहनशक्ती एकाच ठिकाणी संपत होती, एवढे म्हणायला हरकत नसावी.

ह्या पत्रातलाच दुसरा तपशील अनेकांना अधिक रुचतो. देगाला चित्र आवडले, त्याने पार्श्वभूमीविषयी सल्ला दिला आणि तिथे स्वतः थोडे कामही केले, असे कसॅट त्यात सांगते. २०१४ साली नॅशनल गॅलरीत देगा आणि कसॅट ह्यांचे एकत्र प्रदर्शन झाले, त्यासाठी चित्राची शास्त्रीय तपासणी झाली आणि पार्श्वभूमीतील देगाच्या हाताचा माग लागला. तेव्हापासून ह्या चित्राविषयीच्या लेखनात मागचा तो कोपराच पुढे येऊ लागला आहे. खोलीला खोली देणारी तिरपी रेघ देगाची, म्हणून चित्राचे धाडसही त्याचेच, असा हा तर्क. त्याला उत्तर द्यावे इतकेही त्याचे वजन नाही. दोन चित्रकार मित्रांनी एकमेकांच्या कामात हात घातला. बाईने ते स्वतःहून सांगितले. तिच्या ह्या प्रामाणिकपणाचा पुरावा तिच्याच विरुद्ध वापरला जातो, एवढीच त्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

तुलनाच करायची तर ती रेन्वारशी करावी. त्याचे 'मादाम शार्पांतिये आणि तिची मुले' हे चित्रही १८७८ चेच. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. तिथेही श्रीमंत दिवाणखाना आहे, निळे-पांढरे कपडे आहेत, कुत्रेही आहे. पण मुलगी त्या दांडग्या कुत्र्याच्या पाठीवर बसली आहे, शेजारी तिचा तीन वर्षांचा भाऊ तिच्यासारखाच पोशाख घालून, आणि त्यांच्यावर आईचा काळा, उंची पोशाख पसरलेला. सगळी मांडणी उतरत्या भाजणीची: आई, मुलगा, मुलगी, कुत्रे. १८७९ च्या सालोंमध्ये ह्या चित्राचे स्वागत झाले आणि रेन्वारचे बस्तान बसले. चित्र सुंदर आहे, ह्यात वाद नाही. पण त्यातली मुले घराण्याच्या सुबत्तेचे अलंकार आहेत. ह्याच रेन्वारने १८८८ च्या एका पत्रात लेखिका, वकील आणि राजकारणी स्त्रिया ह्यांना पाच पायांच्या वासरांच्या पंक्तीला बसवले होते. त्या पत्रावरून चित्राचा निकाल लावू नये हे खरे. मात्र त्याच्या घरातल्या मुलीला पाय पसरायला जागा का नाही, हे मग फारसे कोडे राहत नाही.

कसॅटला शत्रूंपेक्षा प्रशंसकांनी अधिक अडकवले. १८८१ च्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनावर लिहिताना ह्युसमान्स ह्या फ्रेंच लेखकाने तिची मनापासून तारीफ केली. बाळांची गुळमट चित्रे काढणाऱ्या इंग्रज व फ्रेंच रंगाऱ्यांपासून तिने आपल्याला सोडवले, असा त्याचा आशय होता, आणि इथवर त्याचे म्हणणे रास्त आहे. पण मग तो पुढे जातो आणि म्हणतो की बालपण रंगवावे ते स्त्रीनेच, पुरुषाला ते साधणार नाही. कौतुकाच्या एका वाक्याने एवढ्या कष्टाने कमावलेले कसब निसर्गाच्या खात्यावर जमा झाले! १८६० मध्ये फिलाडेल्फियाच्या अकादमीत दाखल झालेली, १८६६ मध्ये पॅरिसला आलेली, तिथल्या एकोल दे बोझार्मध्ये स्त्रियांना १८९७ पर्यंत मज्जाव होता म्हणून खासगी शिकवण्या घेऊन आणि संग्रहालयांत नकला करून हात घडवलेली ही बाई. तिच्या रेषेला मातृहृदय कारण ठरले. तेही जिने लग्न केले नाही आणि जिला मूल नव्हते तिच्या बाबतीत. मराठी समीक्षेत स्त्रीच्या लेखनाला 'स्त्रीसुलभ' हे विशेषण लावून आपण हेच करत आलो आहोत, हे वर्गात शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. सुलभ ह्या शब्दाचा अर्थ सोपे असा होतो.

येथवर पहिल्या वाचनाचा समाचार झाला. दुसरे वाचन अधिक आधुनिक आहे आणि म्हणून अधिक घातक.

ह्या वाचनाचा आवडता पुरावा म्हणजे १९०५ च्या सुमाराचे एक चित्र, तेही वॉशिंग्टनच्याच संग्रहालयात. आईच्या पिवळ्या पोशाखावर एक मोठे सूर्यफूल आहे, मांडीवर उघडे मूल आहे, हातात छोटा आरसा आहे. सूर्यफूल आणि त्याचा पिवळा रंग हे कॅन्ससच्या १८६७ च्या मोहिमेपासून अमेरिकन मताधिकार चळवळीचे चिन्ह. झाले, चित्राचा उलगडा झाला! विद्यार्थी वहीत लिहून घेतात: सूर्यफूल म्हणजे मताधिकार. ते मूल काय करते आहे, हे कोणी विचारत नाही. ते आरशात स्वतःचे तोंड पाहते आहे. आई त्याला आरसा धरायला मदत करते आहे, म्हणजे मुलाने आपल्याकडे न पाहता स्वतःकडे पाहावे ह्यासाठी ती हात लावते आहे. चित्राचे सगळे राजकारण त्या हातात आहे. फूल नसते तरी ते तिथेच असते.

ह्यात एवढे अडून बसण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की मताधिकाराच्या झगड्यात मूल हे दोन्ही बाजूंचे हत्यार झाले होते. विरोधकांनी भेटकार्डांवर रडणारी बाळे छापली. १९०९ च्या एका गाजलेल्या कार्डावर बाळाला बाटलीने दूध पाजणारा बाप 'मॅडोना' म्हणून बसवला आहे. बाई मत द्यायला गेली की घरात काय होईल, तर हे. चळवळीने ह्यावर शोधलेले उत्तर चतुर होते आणि तितकेच धोक्याचे. आईला मत हवे ते मुलांसाठीच, असे ती म्हणू लागली: स्वच्छ दुधासाठी, शाळांसाठी, गिरण्यांतून मुलांना सोडवण्यासाठी. रोझ ओनील ह्या चित्रकर्तीने आपली गुबगुबीत क्यूपी बाळे चळवळीच्या भित्तिपत्रकांवर चालायला लावली. ती बाळे आईसाठी मत मागत होती. मागणी खोटी नव्हती. १९०८ पासून लुईस हाइन कॅरोलिनांच्या सूतगिरण्यांत यंत्रांपुढे उभ्या असलेल्या मुलींची छायाचित्रे घेत हिंडत होता. त्या मुली कल्पनेतल्या नव्हत्या. पण आई म्हणून मत मागितले की आई नसलेलीचे काय, हा प्रश्न मागे उरतो. आणि ती मुलगी? तिने मोठी होऊन कोणाची तरी आई होईपर्यंत थांबायचे?

१९१५ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या नोडलर दालनात मताधिकाराच्या निधीसाठी एक प्रदर्शन भरले. जुन्या युरोपीय चित्रकारांच्या सोबतीने देगा आणि कसॅट. ते भरवले कसॅटच्या मैत्रिणीने, लुईझिन हॅवमायर हिने. हीच हॅवमायर पुढे १९१९ मध्ये अध्यक्ष विल्सन ह्यांची प्रतिमा जाळण्याच्या निदर्शनात पकडली गेली आणि तुरुंगात जाऊन आली. प्रदर्शन करायचे तर ते मताधिकारासाठीच व्हावे, असा कसॅटचा आग्रह होता. तिची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेली होती, चित्रे काढणे थांबले होते. फिलाडेल्फियाच्या प्रतिष्ठित समाजाने प्रदर्शनाकडे पाठ फिरवली, त्यात तिची मताधिकारविरोधी भावजयही होती. कसॅटने मग वारसांकडे जाणारी आपली कितीतरी चित्रे विकून टाकली, असे तिच्या चरित्रांतून नमूद आहे. आमच्या दृष्टीने त्या प्रदर्शनाहून हा राग अधिक बोलका आहे. प्रदर्शनाने राजकीय यश म्हणावे असे काही मिळवले नाही: त्याच वर्षी २ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या आणि कसॅटच्या जन्मराज्याच्या, पेनसिल्व्हेनियाच्या, पुरुष मतदारांनी मताधिकार फेटाळला.

त्या भिंतीवर तिच्या आया आणि मुले होती. बघायला आलेल्यांपैकी अनेकांनी त्यांत चळवळीला सोयीचा असा मातृत्वाचा गौरव पाहिला असणार. मग आमचा मुद्दा कोसळतो काय? नाही. ह्या 'आया' कोण होत्या ते पाहावे. पुष्कळदा त्या आया नव्हत्याच. पॅरिसच्या वायव्येला, बोफ्रेन इथल्या आपल्या घराच्या आसपासच्या गावांतल्या बायका आणि मुले ती बसवत असे. रेन लफेव्र ही तरुणी तिच्या अनेक चित्रांत आई म्हणून दिसते. मांडीवरचे मूल दुसऱ्याच कोणाचे. म्हणजे आपण ज्याला मातृहृदयाचा सहज उद्गार म्हणतो ते पैसे देऊन, वेळ ठरवून, चुळबुळणाऱ्या पोराला कसेबसे आवरून केलेले काम होते. कसॅटने ते कामासारखेच रंगवले. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधले 'मुलाचे स्नान' हे १८९३ चे चित्र पाहा: बाईचा रुंद हात मुलीच्या पायाला धरतो, दुसरा हात तिला सावरतो, दोघींची नजर पाण्यात. त्या हातांना रोजच्या कामाची सवय आहे. कृतार्थ हास्य कोणाच्याच चेहऱ्यावर नाही.

आणि १८९३ चेच शिकागो. जागतिक प्रदर्शनातल्या स्त्रियांच्या इमारतीसाठी बर्था पामर ह्यांनी कसॅटकडून 'आधुनिक स्त्री' हे प्रचंड भित्तिचित्र करवून घेतले. कॅनव्हास खाली उतरवता यावा म्हणून तिने फ्रान्समधल्या आपल्या चित्रशाळेत चर खणवला होता. मधल्या भागात तरुण स्त्रिया ज्ञानवृक्षाची फळे तोडताहेत. ईव्हच्या कथेतले पाप इथे बागेतले रोजचे काम झाले आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या लहान मुलीच्या हाती वरचे फळ दिले जाते आहे. डाव्या भागात मुली कीर्तीमागे धावताहेत. चित्रात पुरुष एकही नाही. पुरुषाशी असलेल्या नात्याविना स्त्री, असेच हे आहे काय, ह्या एका मित्राच्या प्रश्नाला आपण होकार दिला, असे तिने पामरबाईंना कळवले होते. ते भित्तिचित्र प्रदर्शनानंतर हरवले. उरली आहेत छायाचित्रे.

ह्या उत्तरात आम्हांला निळ्या खुर्चीतल्या मुलीचे सूत्र सापडते: नात्याविना. अर्थात नात्याविना बसण्याची ही मुभा कोणाला होती, हेही विचारलेच पाहिजे. ती मुलगी सुखवस्तू घरातली आहे. कसॅटचा भाऊ पुढे पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा अध्यक्ष झाला. हाइनच्या छायाचित्रांतल्या मुलींना आळसावायला खुर्ची नव्हती. १९१३ च्या वॉशिंग्टनच्या मोर्चात कृष्णवर्णीय स्त्रियांना मागच्या टोकाला चालायला सांगितले गेले, आणि आयडा बी. वेल्स ह्यांनी ते झुगारले. खुर्च्यांची टंचाई चळवळीच्या आतही होती. ह्यामुळे चित्राचे मोल कमी होत नाही. त्यातला हक्क किती थोड्यांच्या वाट्याला आला होता, ते मात्र दिसते.

नात्याचा हा प्रश्न कायद्यांनी कसा सोडवला, हे साहित्याच्या वर्गातही सांगावे. ब्रिटनमध्ये १९१८ साली तीस वर्षांवरील स्त्रियांना मत मिळाले, पण ती स्वतः घरधनीण किंवा घरधन्याची बायको असेल तर. आपल्याकडे मुंबई विधिमंडळाने १९२१ मध्ये स्त्रियांवरील बंदी उठवली, मालमत्तेची अट ठेवून. १९३५ च्या कायद्याने अट सैल झाली ती मतदार पुरुषांच्या बायकांना आणि विधवांना आत घेऊन. स्वतंत्र भारताने ही अट मोडली आणि सरसकट सर्व प्रौढांना मत दिले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना मुख्यतः उत्तरेकडच्या प्रांतांत लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले. सुकुमार सेन ह्यांच्या निवडणूक आयोगाने अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या.

चित्राच्या शीर्षकातही त्या मुलीचे नाव नाही. कसॅटने व्होलारला लिहिलेल्या पत्रात तिची ओळख देगाच्या मित्रांची मुलगी अशी येते, आणि संग्रहालयाच्या भिंतीवर ती नुसती 'लहान मुलगी' आहे.